खरं खरं सांगा

'माझं काय चुकतं ते अगदी मोकळेपणानं सांगा' या वाक्याचा खरा अर्थ 'माझं थोडं कौतुक करा' असा आहे. नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चमध्ये साहाय्यक पाळक म्हणून उमेदवारी करताना मला तो कळला.

आमच्यात चर्चला 'मंडळी' म्हणतात. (घरातली मंडळी निराळी. तिच्याकडे अभिप्राय मागावा लागत नाही.) त्या मंडळीपुढं एका रविवारी मी चांगल्या शोमरोन्यावर उपदेश केला. गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात, 10व्या अध्यायात आहे. यरुशलेमाहून यरीहोला निघालेल्या एका माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात. याजक येतो, बघतो, पलीकडच्या बाजूनं निघून जातो. लेवीही तसाच जातो. मग ज्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नाही असा एक शोमरोनी त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो आणि वर मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो.

माझी तयारी दांडगी होती. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्याही 250 मीटर खाली. म्हणजे केवढा उतार! यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर, त्यांचा गरिज्जीम डोंगर, सगळं सांगितलं. पंचेचाळीस मिनिटं. दोन पोरं झोपली, पण ती नेहमीचीच. उपासना संपल्यावर दाराशी तिघांनी 'छान झालं' म्हटलं. मी मोजलं होतं.

संध्याकाळी चौथं 'छान' घ्यायला पाळकसाहेबांकडे गेलो.

"साहेब, काय चुकलं ते अगदी खरं खरं सांगा."

साहेबांनी चहा बशीत ओतला. "खरंच सांगू?"

मी इथंच उठायला हवं होतं.

"अरे, पंचेचाळीस मिनिटं झाली तरी तुझा तो जखमी माणूस रस्त्यावरच! मला वाटे, आता उचलशील, मग उचलशील. तू आपला उतार मोजतोयस."

मी हसून घेतलं.

"ते सुधारेल रे. पण तिसऱ्या बाकावरच्या आजी दाराशी किती वेळ उभ्या होत्या?"

"कुठल्या आजी?"

साहेब बशीत बघत राहिले. मग म्हणाले, "तू त्यांचा हात हातात घेतलास, 'देव आशीर्वाद देवो' म्हणालास आणि गुरुजींकडे वळलास. गुरुजी कौतुक करत होते ना! उद्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलगा पुण्याला. सोबतीला येतोस का, असं तुला विचारणार होत्या. तुझा उपदेश ऐकून धीर आला म्हणे."

चहा निवला. उपदेश त्यांना पटला होता, आणि तो देणारा पलीकडच्या बाजूनं निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आजींच्या दारी गेलो. पहिल्या एस.टी.नं तालुक्याला निघालो. खर्च दोन दीनार नाही, दोन तिकिटं. परतताना डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेल्या आजी माझ्या कानाशी लागल्या.

"उपदेश चांगला होता हो बाळा. जरा लांबला."

हा अभिप्राय मात्र मी मागितलेला नव्हता. म्हणूनच बहुधा तो खरा होता.