पोत्यांचा बंधारा

अंगाने तो अगदीच किरकोळ. सिमेंटची रिकामी पोती, त्यांत वहाळातलीच वाळू-माती, तोंडं सुतळीने शिवलेली, आणि सांधेमोड करून रचलेले थर. फटींत चिकणमाती पायाने चेपून बसवलेली. उंची कमरेइतकी. भात झोडून झालं, दिवाळी आटोपली की तो वहाळात उभा राहतो आणि मृगाच्या पहिल्या लोंढ्याला वाट देऊन मोकळा होतो. पुराशी झुंजायचं त्याच्या स्वभावातच नाही, म्हणून त्याच्या पोटात वर्षानुवर्षांचा गाळही साचत नाही.

कागदावर नाव वनराई बंधारा. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेने तो गावोगाव नेला. धारिया महाड तालुक्यातल्या नाते गावचे, म्हणजे आपल्याच मुलखातले.

याच तालुक्यातल्या दासगावसारख्या खाडीकाठच्या गावाला अशा बंधाऱ्याची निकड जास्त. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण डोंगर आणि खाडी यांत अंतर ते किती! सावित्रीतून भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. वहाळाचं गोडं पाणी सकाळी अडवलं नाही, तर संध्याकाळी ते खारं झालेलं असतं. भातानंतर वाल जमिनीतल्या ओलीवर येतो. वांगी-मिरचीला, कलिंगडाला मात्र पाणी द्यावंच लागतं.

पण अडलेलं पाणी शेतात पोचलं का, हे कोण बघतं? श्रमदानाचा फोटो निघतो, बंधाऱ्यांचा आकडा वाढतो, हिशोब मिटतो. मला हे पटत नाही. बादली आणि घड्याळ घेऊन पाटावर जावं. पाटाच्या तोंडाशी मातीचा आडवा बांध घालून त्यात पाइपाचा तुकडा बसवावा, सगळं पाणी त्यातून पडू द्यावं आणि खाली पंधरा लिटरची बादली धरावी. दहा सेकंदांत भरली तर सेकंदाला दीड लिटर. दिवस-रात्र मिळून सव्वा लाख लिटरच्या वर. मग तसाच पाइप शेवटच्या वाफ्याशी. तिथे वीस सेकंद लागले, तर निम्मं पाणी वाटेतच गेलं: खेकड्यांच्या बिळांत, मुरमात, गवताच्या जुडग्यांत. अशा वेळी आणखी एक बंधारा बांधून काही साधत नाही; पाट साफ करावा, चिकणमातीने लिंपावा, जमलं तर पाइप टाकावा. हीच मोजणी फेब्रुवारीत पुन्हा करावी, कारण डिसेंबरचा वहाळ तेव्हा राहिलेला नसतो.

बंधाऱ्याच्या बुडातून झिरपतं त्याला मात्र मी गळती म्हणणार नाही. खालच्या अंगाला त्यावर गुरं पितात, विहिरीला आधार मिळतो.

पाणी कोणापर्यंत पोचलं, हा सवाल या गावाला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये पाण्याच्या हक्कासाठी महाडला भरलेल्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर बोटीने दासगाव बंदरातच उतरले होते. म्हणून शेवटच्या वाफ्यावरची बादली गावासमोर, सगळ्यांदेखत भरली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. मे संपता संपता बंधारा हाताने उतरवून घ्यावा. उन्हाने पोती विरतात, प्लास्टिकचे धागे सुटतात आणि लोंढ्याबरोबर खाडीत जातात. माती वहाळाला परत द्यावी. धड राहिलेली पोती झटकून, सावलीत वाळवून पुढच्या खेपेसाठी बांधून ठेवावीत.