'जाय ना बे' आणि 'पाहू ना भाऊ'

समोरच्याला उडवून लावायला चंद्रपूर-गडचिरोलीकडे शब्दांची वाण नाही. कानाडोळा करणे, वाटाण्याच्या अक्षता लावणे, हिंग लावून न विचारणे हे वाक्प्रचार शाळेत सगळेच पाठ करतात, पण चहाच्या टपरीवर ते कुणी काढत नाही. तिथे चालते ते 'हट बे', 'चाल निघ', 'जाय ना बे'.

इथल्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ला'च्या जागी 'ले' येतो. त्यामुळे 'तुला कोण विचारतो' हे इथे 'तुले कोन पुसते' असे ऐकू येते.

'बे' बरोबरीच्या माणसाला. तो वडीलधाऱ्याला लावला की भांडण ठरलेले. बायकांच्या बोलण्यात त्याची जागा 'वो' घेतो. मोठ्यांचे म्हणणे बाजूला सारायचे तर 'जाऊ द्या ना बाप्पा'. 1982 साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी वैनगंगेच्या दोन्ही काठांना हे शब्द सारखेच चालतात. दक्षिणेत सिरोंच्याकडे तेलुगू लागते, भामरागड-एटापल्लीत माडिया. तिथली तऱ्हा निराळी.

खरी बोळवण मात्र गोड शब्दांत होते. प्रस्तुत लेखक गडचिरोलीला बदलून आला, तेव्हा भर पावसात घर गळू लागले. कवेलू (कौले) बदलणाऱ्या कारागिराकडे गेल्यावर त्याने खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हटले, 'पाहू ना भाऊ.' पुढच्या आठवड्यात पुन्हा चहा, पुन्हा 'पाहू ना भाऊ'. शेवटी शेजाऱ्यांनी उलगडा केला: 'तो नाई येत जी, आता रोवन्याचे दिवस हायेत.' धानाची रोवणी सोडून छपरावर कोण चढणार? पण तोंडावर 'नाही' म्हणणे इथे उद्धटपणाचे. 'जाय ना बे' म्हणणारा दोस्त दुसऱ्या दिवशी हाक मारतो. 'पाहू ना'वाल्याकडे आपणच खेपा घालतो.

नव्याने बदलून येणाऱ्यांनी दुसऱ्या 'पाहू ना'नंतर चहा पिऊन घ्यावा आणि दुसरा कारागीर शोधावा.