‘येतो’ म्हणताना

परदेशी विद्यार्जनासाठी गेलेल्या माणसाने परत आल्यावर तेथील प्रासादांची नि पुलांची वर्णने करावीत, असा एक प्रघात पडून गेला आहे. ती सामग्री आमच्यापाशीही थोडीथोडकी नाही. स्पेनमधील सालामांका येथे २०१७-१८ हे वर्ष आम्ही काढले. तेथील विद्यापीठ १२१८ सालचे. त्यामुळे त्याच्या आठशेव्या वर्षाचा सोहळा आम्हांस आयताच पाहावयास मिळाला. स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण नेब्रिहाने १४९२ साली याच गावी प्रसिद्ध केले. परंतु वाचकहो, आज सांगावयाचे आहे ते त्या सोनेरी दगडांच्या शहराविषयी नव्हे. तर त्याच्या एका टोकाला, साध्याशा इमारतीच्या तळमजल्यावर सायंकाळी भरणाऱ्या मुलांच्या वर्गाविषयी.

आम्ही फोंड्याकडचे. घरात पोथी मराठी आणि बोलणे कोंकणी. आमच्या बोलण्यात पोर्तुगिजांचे शब्द कधीच विरघळून गेलेले, आणि स्पॅनिश ही पोर्तुगीज भाषेची सख्खी बहीण. तेव्हा ती आम्हांस चुटकीसरशी येईल, असा आमचा समज होता. ‘इस्कोल’ची ‘एस्कुएला’ झाली, ‘पगार’ तर ‘पागार’ म्हणजे पैसे देणे म्हणून ओळख दाखवीत पुढे आला. पावाला ‘पान’ म्हणतात हे कळल्यावर मात्र थोडे चपापलो. खरी अडचण निराळीच निघाली. आपल्या एका ‘असणे’साठी तेथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. स्वभावाला एक, अवस्थेला दुसरे. वर्गात नियम पाठ होत, बाहेर जीभ अडखळे. अशा वेळी कोणीसे सुचविले, की मुलांत जा. मुले भाषा लवकर शिकवितात. म्हणून आम्ही गेलो. सेवेची इच्छा होतीच. पण तिच्या मागे आपला लाभही उभा होता, हे आज कबूल केले पाहिजे.

प्रथम दारातच अडलो. मुलांमध्ये काम करू इच्छिणाऱ्याने लैंगिक गुन्ह्यांत आपली नोंद नसल्याचा दाखला द्यावा, असा तेथे २०१५ पासून कायदा आहे. आम्हांस तो आपल्या देशातूनही आणवावा लागला. फुकट सेवा करावयाची, आणि वर आपणच निर्दोष असल्याचा कागद दाखवावयाचा, याचा मनातून थोडा राग आला. पुढे विचार करता वाटले, देवळाच्या गाभाऱ्यातही आपण आपल्या मर्जीने शिरत नाही. मग दुसऱ्यांच्या लेकरांत तरी का शिरावे?

मंगळवार आणि गुरुवार हे आमचे दिवस. मुले शाळेतून घरी जाऊन, जेवून येत आणि घरचा अभ्यास पुढे मांडीत. या अभ्यासाला तेथे ‘देबेरेस’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘कर्तव्ये’. लहानथोर सारी मुले आम्हांस ‘तू’ म्हणत. आम्ही मात्र सवयीने त्यांना ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’ म्हणू लागलो, तेव्हा आठ वर्षांची ती मंडळी पोट धरधरून हसली. एकदा ‘कंटाळलो आहे’ असे म्हणावयास जाऊन आम्ही क्रियापद चुकलो आणि ‘मी कंटाळवाणा आहे’ असे जाहीर केले. त्यावर एका मुलीने गंभीरपणे मान डोलावली.

त्यांतच मोरोक्कोहून नुकताच आलेला एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. त्याचेही शब्द आमच्याइतकेच अपुरे. म्हणून तो आमच्याच बाकावर येऊन बसे. एकदा आम्ही त्याला आपल्या पद्धतीने भागाकार शिकविला, भाजक डावीकडे लिहून. तेथे भाजक उजवीकडे, आणि भागाकार त्याच्याखाली मांडतात. दुसऱ्या खेपेस त्याने वहीवरच्या लाल रेघा दाखविल्या. उत्तर बरोबर होते, मांडणी परकी होती. त्या सायंकाळी तो आम्हांस त्यांची मांडणी शिकवीत होता आणि आम्ही शिकत होतो.

एके दिवशी एका मुलीचा दात पडला. स्पेनमध्ये पडलेला दात उशीखाली ठेवतात आणि रात्री पेरेथ नावाचा उंदीर तो नेऊन त्या जागी भेट ठेवतो. या उंदराची गोष्ट लुईस कोलोमा याने १८९४ साली आठ वर्षांच्या बाळराजासाठी लिहिली. आमच्या आजीनेही आमचा दात उंदराचे नाव घेऊनच कौलांवर टाकविला होता, हे आम्ही मोडक्या भाषेत सांगितले. आमच्याकडे हा उंदीर गणपतीला पाठीवरून नेतो, हे ऐकून मुले थक्क झाली. तेव्हा इतके दिवस न बोलणारा तो मुलगा उठून म्हणाला, “माझी आजी दात सूर्याकडे फेकते.” त्याचे ते पहिले पूर्ण वाक्य. क्रियापदही बिनचूक होते.

आणि त्याच महिन्यात आम्ही एक मंगळवार चुकविला. मित्रमंडळी सेगोव्हियाचा रोमन जलसेतू पाहावयास निघाली. आम्हीही गेलो, निरोप ठेवला नाही. गुरुवारी तो मुलगा दुसऱ्या बाकावर बसला होता. वर्ग चालविणाऱ्या वृद्ध बाईंनी आम्हांस बाजूस घेऊन शांतपणे सांगितले, की त्या दिवशी तो वही उघडून शेवटपर्यंत दाराकडे पाहत बसला होता. “या मुलांना तुमच्या स्पॅनिशची गरज नाही,” त्या म्हणाल्या, “त्यांना मंगळवारची गरज आहे.”

देवळातल्या समईत तेल घालणारा माणूस आपल्या मनाची लहर पाहत नाही. वेळ झाली की तो येतो. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो, पण सेवेचा अर्थ म्हणून ते आम्हांस परमुलखात कळावयाचे होते. पुढे एकही दिवस चुकविला नाही. तो मुलगा तीन आठवड्यांनी आमच्या बाकावर परतला.

जून महिन्यात निरोपाची वेळ आली. आपण कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेच आम्ही शब्दशः भाषांतरून ‘बेंगो’ म्हणालो. मुलाने तत्काळ चूक सुधारली: निघताना ‘मे बोय’, म्हणजे ‘जातो’, असे म्हणावयाचे. आम्ही म्हटले, आमच्याकडे असेच म्हणतात. तो क्षणभर थांबला, आणि त्याने विचारले, “कधी?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढल्या वर्षी, असे सहज म्हणता आले असते; त्याला बरेही वाटले असते. पण तो रिकामा मंगळवार डोळ्यांपुढे आला, आणि आम्ही ‘माहीत नाही’ एवढेच म्हणालो. तो विचार करून म्हणाला, की तू परत येशील तेव्हा मला बाराचा पाढा येत असेल. स्पॅनिशमध्ये नेहमी घडणाऱ्या परतण्याला ‘बुएल्बेस’ म्हणतात. पण अजून न घडलेल्यासाठी अशा जागी ‘बुएल्बास’ म्हणावे लागते. हे रूप वर्षभर आमच्या हातून चुकत आले होते. त्याने ते अचूक उच्चारले.

आम्ही अद्याप परत गेलेलो नाही. तो मुलगा आता मोठा झाला असेल. बाराचा पाढा केव्हाच मागे पडला असेल. हल्ली आम्ही गावी देवळाच्या अग्रशाळेत मुलांना गणित शिकवितो. उठताना ‘येतो’ म्हणतोच, पण त्याला जोडून दिवसही सांगतो: मंगळवारी, पाच वाजता.