रिकामा रकाना

माझी नात संगणकात काम करते. म्हणजे नक्की काय करते, हे मला परवापर्यंत कळलं नव्हतं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माझ्यासारखीला 'डेटा मॉडेलिंग' काय समजणार! परवा ती कागदावर चौकोन आणि रेघा काढत बसली होती. मी म्हटलं, "हे आमच्या जनरल रजिस्टरसारखं दिसतंय गं."

"तेच समज आजी. एका शाळेचंच काम आहे."

मग तिने समजावलं. आधी लॉजिकल मॉडेल. शाळेत कोण कोण असतं? विद्यार्थी, पालक, वर्ग. त्यांचं एकमेकांशी नातं काय? एका मुलाला पालक किती? कोणती माहिती असायलाच हवी, कोणती नसली तरी चालेल? हे सगळं पक्कं झालं की मग फिजिकल मॉडेल : टेबलं किती, कुठल्या कॉलमात अक्षरं, कुठल्यात तारीख, नावाला जागा किती, चटकन सापडावं म्हणून इंडेक्स कशावर.

"आणि आधी रकानेच आखले तर?"

"मग माणसं त्यात कोंबावी लागतात."

ती सहज बोलली, पण मला १९८७ सालचा जून आठवला. आमच्या छोट्या शाळेत कारकून नव्हता, रजिस्टर मीच लिहायचे. एक बाई मुलीला पहिलीत घालायला आली. नवरा सोडून गेलेला. म्हणाली, "बाई, त्याचं नाव नका लावू. माझं लावा." रजिस्टरात छापलेलं होतं, वडिलांचे नाव. मी म्हटलं, रकाना रिकामा ठेवता येत नाही. सोबत मुलीचा मामा होता. त्याचंच नाव लिहून टाकलं. मला वाटलं, अडचण सोडवली.

दहावीनंतर ती मुलगी माझ्याकडे आली. शाळेच्या दाखल्यावर मामा वडील आणि जन्मदाखल्यावर वडील वेगळेच. दुरुस्तीसाठी आई मजुरी बुडवून कचेरीत खेटे घालत होती. मुलगी मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं...

हे सांगितल्यावर नात थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, रिकाम्या जागेचा विचार आमच्यात फार आधी झालाय. एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० साली ही टेबलांची पद्धत मांडली. १९८५ साली त्याने जे नियम सांगितले, त्यातला एक रिकाम्या जागेबद्दलच आहे. पुढे तर त्याने 'माहीत नाही' आणि 'लागूच नाही' हेही वेगळं करायला सांगितलं. मी हे दोन्ही एका मामाच्या नावाने झाकलं होतं!

मी विचारलं, "तुझ्या कागदावर वडिलांचं नाव सक्तीचं आहे का?"

तिने पाहिलं. होतं. शाळेने तसंच लिहून दिलं होतं.

तिने तो रकाना विद्यार्थ्याच्या चौकोनातून खोडला. पालकांचा चौकोन वेगळा काढला आणि दोघांमधल्या रेघेवर लिहिलं : नातं. आई, वडील, मामा, आजी, जे असेल ते. "सोमवारी शाळेला विचारते," म्हणाली, "ऐकतील का माहीत नाही."

असो. सोमवारची वाट मीही बघतेय.