लालबागमधला कारवानी

शेजारच्या वहिनींच्या मुलाने मामाकडून, लातूरहून, कारवानी कुत्र्याचं पिल्लू आणलं. वर्षभरात ते उंच, सडसडीत झालं. आमच्या मजल्यावरची पोरं त्याच्या अंगावर लोळायची, ते हूं की चूं करायचं नाही. म्हणून मुलगा त्याला पहाटे मोकळंच खाली न्यायचा. ‘‘मावशी, तो चावत नाही,’’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. खोटंही नव्हतं.

एकदा पहाटे दादरच्या फुलबाजारात जायला मी भारतमाता सिनेमापाशी उभी होते. पलीकडच्या फुटपाथवर मांजर पळालं आणि कुत्रा सुटलाच. मुलगा हाका मारत राहिला. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला, मागचा दुचाकीस्वार आडवा झाला. कोपर सोलवटण्यावर निभावलं. कुत्रा चावला कुणालाच नव्हता.

कारवानी वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. माळावर ससा उठला की वाऱ्यासारखं सुटायचं, यासाठीच ही जात पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली. 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. कुत्र्याच्या रक्तातली धाव कशी थांबणार?

संध्याकाळी गॅलरीत विषय निघाला. ‘‘भटक्यांना कोण पट्टा घालतं?’’ मुलगा म्हणाला. मी म्हटलं, ‘‘त्यांच्यासाठी नसबंदी आणि लसीकरणाचे 2023चे नियम आहेत. याला मालक आहे, तो तू.’’ भारतीय न्याय संहितेचं कलम 291 चाव्याची वाट पाहत नाही. पाळीव जनावरापासून जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना मालकाने हयगय केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मुलाने पट्टा घेतला, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात रेबीजची लस टोचून आणली, महापालिकेचा परवानाही काढला. रस्ता निर्धास्त झाला. कुत्रा मात्र गॅलरीत येरझाऱ्या घालू लागला. पट्ट्याने चालणं होतं, धावणं होत नाही. आणि इथल्या मैदानांत क्रिकेटच्याच चार मॅचेस एकमेकींत घुसलेल्या. परवाना देताना लसीचा कागद बघतात. ‘हा धावणार कुठे?’ हा प्रश्न पिल्लू घरी आणण्याआधीच विचारायला हवा, असं मला तेव्हापासून वाटतं.

दिवाळीच्या सुटीत मामा त्याला परत घेऊन गेले. वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. मुलगा माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतो.