ट्रकच्या मागचे अंतर

चि. भाच्यास,


ट्रकच्या मागे ठेवायचे अंतर मीटरपेक्षा सेकंदांत मोजणे सोपे. ट्रकचे मागचे चाक किलोमीटरच्या दगडाजवळून गेले की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असे म्हणू लागावे. तीन पुरे होण्याआधी आपली गाडी दगडापाशी पोचली, तर ती फार जवळ आहे. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. म्हणजे हे अंतर ६६ मीटर झाले. पावसात, धुक्यात आणि रात्री त्याहून जास्त.

भरलेला ट्रक झटकन थांबत नाही, मग मागे चिकटून राहिले तर काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. बिघडते ते दिसण्याचे. जवळ गेलेल्याला समोर नुसता फाळका दिसतो. बंद पडलेली गाडी किंवा रस्त्यात बसलेले जनावर ट्रकवाल्याला उंचावरून आधीच दिसते. तो बगल देऊन निघून जातो आणि मागच्याला ते ऐनवेळी दिसते, तेव्हा ब्रेक दाबायलाही वेळ उरत नाही. शिवाय ज्याला ट्रकचे आरसे दिसत नाहीत, तो ट्रकवाल्यालाही दिसत नाही.

धडक बसलीच तर फाळक्याची कड बॉनेटच्या वरून थेट काचेवर येते. मोटार खाली घुसू नये म्हणून ट्रकच्या मागे आडवा दांडा नियमाने सक्तीचा आहे. प्रत्यक्षात तो बरेचदा वाकलेला, गंजलेला असतो. त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला तर कित्येकदा मागचा दिवाही नसतो.

घाटाचे वेगळे. बोरघाटाच्या चढावर थांबलेला ट्रक पुन्हा निघताना थोडा मागे येतो. त्याची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतकी जागा सोडूनच थांबावे. उतारावर धोका मागून येतो. सतत दाबल्याने ट्रकचे ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर असे ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळल्याचे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत. अशा जागी ट्रकच्या पुढे रेंगाळू नये, आणि ओव्हरटेक केल्यावर आतल्या आरशात ट्रक पुरता दिसेपर्यंत त्याच्या पुढ्यात शिरू नये.

सोडलेल्या जागेत कोणीतरी घुसतेच. अशा वेळी न चिडता वेग कमी करावा आणि तीन सेकंद पुन्हा मोजून घ्यावेत.

तुझा मामा