गॅसची पाइपलाइन आणि चवदार तळे

मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते इनामगावला गेलो होतो. घोड नदीकाठचे, डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेले ताम्रपाषाण काळातले गाव पाहायचे होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीही तिथल्या घरांत चुली होत्या. परतताना वस्तीतल्या एका आजीने चहा पाजला, तोही चुलीवरचा. सिलेंडर कोपऱ्यात उभा. "संपलाय त्यो, बाळांनो," आजी म्हणाल्या.

गाडीत वाद पेटला. एक मित्र म्हणाला, देशात गॅसच कमी, कोण काय करणार?

कमी आहे, मान्य. (सिलेंडरमधला गॅस वेगळा, पण उरणला मुंबई हायच्या वायूतूनही तो काढतात.) पण त्याच मुंबई हायवर 1976 साली उत्पादन सुरू झाले, तेव्हा तेलाबरोबर निघणारा बराच वायू पुढे कित्येक वर्षे समुद्रावरच जाळला गेला. न्यायला पुरेशा पाइपलाइन नव्हत्या, वापरणारे कारखाने तयार नव्हते. तेल जहाजात भरून कुठेही विकता येते. वायूला पाइप लागतो आणि पाइपच्या टोकाला गिऱ्हाईक. म्हणून विहीर खोदणारा आधी विचारतो, माल कोण घेणार, काय भावाने, कोणाच्या पाइपातून? पाइप एकाच्या हातात आणि भाव सरकारने बांधलेला असेल, तर खोल समुद्रातल्या महाग विहिरीला कोण हात घालील? 2006 च्या कायद्याने पाइपलाइनमध्ये इतरांना वाट दिली. 2016 च्या धोरणाने नव्या क्षेत्रांतला वायू विकण्याचे आणि भाव ठरवण्याचे स्वातंत्र्य दिले.

इथपर्यंत खुल्या बाजारवाल्यांचे बरोबर आहे. पण आम्हाला महाड आठवते. 1923 ला बोले ठराव झाला, 1924 ला नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तरी पाण्याला हात लावायला 1927 उजाडावे लागले. कागदावरची वाट आणि पायाखालची वाट वेगळी असते. पाइपचा मालक स्वतःच गॅस विकत असेल, तर छोट्या उत्पादकाला तो मनापासून जागा देईल? आणि स्पर्धा धावते ती खत कारखान्यांकडे, शहरातल्या सोसायट्यांकडे. विखुरलेल्या वस्तीपर्यंत पाइप नेण्यात नफा नाही.

मग सगळे सरकारने करावे? 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले. पण मुंबई हायवर वायू जळत होता तेव्हा मालकी सरकारचीच होती, हेही आपण लपवू नये. आमची मागणी साधी आहे: वाहून नेणारा आणि विकणारा वेगळा करा, पाइपमधली रिकामी जागा जाहीर करा आणि शेवटच्या वस्तीचा खर्च सरकारने उचलावा.

मित्राला पटले नाही. शिरूर आले तरी तो भांडतच होता.